आफ्रिका किती लांब आहे?

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यातील एका रविवारची गोष्ट. नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना, त्यामुळे चर्चमध्ये गर्दी जरा जास्तच होती. श्रद्धावंतांच्या प्रार्थना वाचण्याची पाळी शाळकरी मुलांची होती. त्यांतली एक प्रार्थना सुदान देशासाठी होती. वाचणाऱ्या मुलीला 'एल फाशेर' हे शहराचे नाव काही केल्या उच्चारता येईना. ती अडखळली, पुन्हा मागे गेली आणि शेवटी कसेबसे वाचून खाली उतरली. आपण सर्वांनी नेहमीप्रमाणे उत्तर दिले. अर्पणगीत सुरू झाले.

मिस्सा संपल्यावर आवारात नेहमीचे घोळके जमले. आमच्या घोळक्यात विषय निघाला तो या सुदानचाच. पोप लिओ यांनीही सुदानसाठी आवाहन केले आहे असे कुणीतरी सांगितले. मग एकेक जण बोलू लागला. युक्रेनमध्ये बॉम्ब पडला की जगभरच्या वाहिन्या रात्रंदिवस दाखवतात. इकडे आफ्रिकेत गावेच्या गावे कापली जातात, तर त्याची बातमी शोधावी लागते. गोऱ्या माणसाचा जीव तो जीव, आणि काळ्याचा काय पालापाचोळा? पाश्चात्त्य देश स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे हीच त्यांची रीत. सर्वांत मोठ्या आवाजात बोलत होतो तो मीच, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या शेजारी एक बाई उभ्या होत्या. तुम्ही त्यांना पाहिले असेल. दर रविवारी त्या शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसतात. मूळच्या जव्हारकडच्या, वारली समाजातल्या. औद्योगिक वसाहतीतल्या एका कँटीनमध्ये कामाला आहेत. त्या आमचे बोलणे ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "आमच्याकडं तरी कोण आलं होतं, भाऊ?" आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एवढे बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि रिक्षा पकडायला गेल्या. आमच्यापैकी कुणाला काही सुचेना. एकाने घड्याळात पाहिले, दुसऱ्याला मटण आणायची आठवण झाली आणि आम्ही पांगलो.

ते वाक्य तेव्हापासून माझ्या मागे लागले आहे. फादरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग लिहून काढा की." म्हणून हा लेख.

आधी आम्ही जे बोलत होतो ते खरे होते की नाही ते पाहू. ते खरेच होते. रवांडाचे उदाहरण घ्या. महाराष्ट्राच्या बाराव्या हिश्श्याएवढा हा देश. तेव्हा तिथले बहुसंख्य लोक ख्रिस्ती होते, त्यातही निम्म्याहून अधिक आपल्यासारखे कॅथलिक. १९९४ साली ३ एप्रिलला ईस्टर होता. तिथल्या चर्चमध्येही त्या दिवशी मेणबत्त्या पेटल्या असतील, पुनरुत्थानाची गाणी झाली असतील. त्यानंतरच्या गुरुवारी, ७ एप्रिलला, कत्तल सुरू झाली. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांत मुख्यतः तुत्सी होते, आणि त्यांची बाजू घेणारे किंवा सरकारविरोधी हुतूही होते. बरेचसे काम कोयत्यांनी झाले. मारणारे शेजारीच होते.

राजधानी किगालीत डॉन बॉस्कोच्या सालेशियन धर्मगुरूंची एक तांत्रिक शाळा होती. डॉन बॉस्को हे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे, म्हणून ही हकिकत मुद्दाम सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील बेल्जियन सैनिकांचा मुक्काम त्या शाळेत होता. निळ्या टोपीचे सैनिक आहेत म्हटल्यावर दोन हजारांहून अधिक माणसे जीव वाचवायला त्या आवारात येऊन बसली, पोराबाळांसह, गाठोड्यांसह. फाटकाबाहेर मारेकरी बिअर पीत वाट पाहत होते. आधीच्या काही दिवसांत फ्रान्स आणि बेल्जियमची विमाने आपापल्या नागरिकांना न्यायला आली होती. शाळेतल्या गोऱ्या लोकांनाही वाहनांत बसवून नेण्यात आले. ११ एप्रिलला सैनिकांनाही निघण्याचा हुकूम झाला. लोकांनी हात जोडले, गाड्यांची वाट अडवली. गाड्या गेल्या. त्यानंतर काही तासांतच त्या माणसांतील बहुतेकांना जवळच्या टेकडीकडे हाकत नेऊन ठार करण्यात आले.

हे सारे जगाला कळत नव्हते असे नाही. शांतिसेनेचे प्रमुख, कॅनडाचे जनरल दालेर, आणखी सैन्य मागत होते. पाच हजार सैनिक मिळाले तर हे थांबवता येईल असे त्यांचे म्हणणे होते. सुरक्षा परिषदेने २१ एप्रिलला निर्णय घेतला तो उलटा. सुमारे अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणण्याचे ठरले. अमेरिकेचे अधिकारी तेव्हा एका शब्दाभोवती कसरत करत होते. 'वंशसंहार' हा शब्द उच्चारला तर १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार काहीतरी करावे लागेल, म्हणून जूनमध्येसुद्धा त्यांचे प्रवक्ते 'वंशसंहाराची कृत्ये' घडली आहेत, एवढेच म्हणत होते. कृत्ये घडली आहेत, पण वंशसंहार घडला आहे असे म्हणायचे नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मे महिन्यातच तो शब्द स्पष्ट उच्चारला होता. चार वर्षांनी, १९९८ साली, अध्यक्ष क्लिंटन किगालीच्या विमानतळावर येऊन आपण वेळेवर पुरेसे केले नाही असे म्हणून गेले. ते विमानतळाबाहेर पडलेच नाहीत.

याच्याजोडीला एक जुनी आठवण ठेवायला हवी. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छळछावण्यांतून सुटलेले हजारो पोलिश स्त्रिया आणि मुले आसऱ्यासाठी वणवण फिरत होती. त्यांतील सुमारे पाच हजारांना आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी, १९४३ पासून चार-पाच वर्षे जागा मिळाली. त्यांच्यासाठी तिथे शाळा होत्या, चर्च होते. त्याहून कितीतरी अधिक पोलिश निर्वासित आफ्रिकेत राहिले, टांगानिकात, युगांडात, ऱ्होडेशियात. म्हणजे गोरा युरोपीय माणूस बेघर झाला तेव्हा त्याला आफ्रिकेच्या मातीत आसरा मिळाला होता. पन्नास वर्षांनी आफ्रिकेचा माणूस फाटकाशी उभा राहिला, तेव्हा त्याच्यासमोरून गाड्या निघून गेल्या.

आपल्या ख्रिस्तसभेबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल. रवांडात अनेक चर्चमध्ये माणसे आश्रयाला गेली आणि तिथेच मारली गेली. काही धर्मगुरूंनी आणि सिस्टरांनी लोकांना वाचवताना प्राण दिले. काहींनी मात्र मारेकऱ्यांना साथ दिली. न्यांगे येथील चर्च आत माणसे असताना बुलडोझरने पाडण्यात आले. त्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ साली जन्मठेप दिली. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. बाप्तिस्म्याच्या पाण्याने माणूस आपोआप शेजारी होत नाही, एवढे तरी त्यावरून कळते.

तेव्हा पाश्चात्त्यांवरचा आमचा आरोप खरा आहे. पण तो करायला आम्हाला काय लागले? आवारात उभे राहून गोऱ्यांना नावे ठेवायला पैसा पडत नाही. उलट बरे वाटते.

आता सुदानकडे या. १५ एप्रिल २०२३ रोजी तिथे लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. खार्टुममध्ये आपले भारतीय लोक अडकले होते. आठवते ना? रोज रात्री आपल्या वाहिन्यांवर खार्टुम होते. नौदलाची जहाजे, हवाई दलाची विमाने, 'ऑपरेशन कावेरी'. मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ३,८०० भारतीयांना सुखरूप आणण्यात आले. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. आपल्या माणसांना आणू नये असे कोण म्हणेल? पण शेवटचे विमान उतरले त्या दिवसापासून खार्टुम आपल्या टीव्हीवरून गेले ते गेलेच. युद्ध चालूच राहिले. एक कोटीहून अधिक माणसे घरादारातून उखडली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफूरमधील झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे जाहीर झाले. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी एल फाशेर पडले, आणि तिथल्या प्रसूती रुग्णालयातसुद्धा शेकडो माणसे मारली गेली. यातले किती आपल्याला माहीत होते? मला तर त्या मुलीच्या अडखळण्यामुळे कळले. किगालीच्या शाळेतून आपापली माणसे घेऊन गेलेल्या गाड्यांना आम्ही दोष देत होतो. आमची माणसे आल्यावर आम्हीही टीव्ही बंद केलाच होता.

हे झाले सुदानचे. पण त्या बाई सुदानबद्दल बोलत नव्हत्या.

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव वर्तमानपत्रांत आले. तिथल्या पाड्यांवर शंभराहून अधिक बालके दगावली होती. पुरेसे अन्न नाही, अंगात रक्त नाही, त्यावर गोवर, जुलाब, न्यूमोनिया. मी तेव्हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला होतो आणि विरारहून शटलने ये-जा करत असे. ती बातमी मी शटलमध्ये वाचली, हे मला नक्की आठवते. डब्यात चर्चाही झाली. एक जण म्हणाला, "त्यांच्यात पोरंच फार होतात." दुसरा म्हणाला, "भगताकडे नेतात, डॉक्टरकडे नेत नाहीत, मग काय होणार?" तिसऱ्याने सरकारला शिव्या घातल्या. मी काय म्हणालो ते आठवत नाही, म्हणजे बहुधा मान डोलावली असेन. बोईसर आले. पेपर घडी करून पिशवीत टाकला. त्या वर्षी नाताळात आमच्या वाडीत मोठा गोठा केला होता. गव्हाणीत ठेवलेल्या बाळाच्या अंगावर थंडीसाठी लोकरीचे कापडसुद्धा घातले होते. इथून दोन तासांच्या वाटेवर गेलेल्या मुलांची मला एकदाही आठवण झाली नाही.

पालघरहून मनोर, विक्रमगड करत जव्हारला गाडीने दोन तास लागतात. मुंबईहून तीन-चार तास.

मी हे आता रवांडाच्या शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा प्रमाण अर्थातच वेगळे दिसते. तिथे हातात कोयता होता. इथे कुणी कुणाला मारायला आले नव्हते, आणि दोन्हींना एकच नाव देणे चूक होईल. पण दुरून पाहणाऱ्या माणसाचे वागणे मात्र ओळखीचे वाटते. पाश्चात्त्यांनी म्हटले, या दोन जमातींचे वैर पूर्वापार आहे, ती माणसे तशीच आहेत. आम्ही म्हटले, त्यांच्यात पोरंच फार होतात. म्हणजे मरणाराच मरणाला जबाबदार ठरला आणि पाहणारा सुटला. तिथे 'वंशसंहार' शब्द टाळला. इथे 'भूक' शब्द टाळला. सरकारी कागदावर मूल न्यूमोनियाने जाते, गोवराने जाते, कमी वजनाने जाते, भुकेने कधी जात नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने ते खोटेही नसते. भुकेने पोखरलेल्या शरीरात शेवटचा घाव कुठल्या तरी आजाराचाच असतो. पण वर्षानुवर्षे तो शेवटचा घाव तेवढा लिहिला, की भुकेची नोंद कुठेच होत नाही, आणि नोंदच नाही तर उत्तर कुणी द्यायचे?

मृत्यूंच्या मोजणीचेही तेच. डॉ. अभय बंग आणि त्यांच्यासोबतच्या संस्थांनी २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल दिला. गावोगावी फिरून त्यांनी दाखवले, की महाराष्ट्रात प्रत्यक्षात होणारे बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. मूल मेले, तेही मोजणीत आले नाही.

वावर-वांगणीनंतर मंत्री आले, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले, योजना आल्या. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर हा वेगळा जिल्हा झाला. २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू झाली. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या डोंगर चढून-उतरून जे काम करतात ते पाहिले तर आपल्याला आपल्या रविवारच्या भक्तीची लाज वाटेल. काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरी २०१६ च्या सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यातील बालमृत्यूंच्या बातम्यांवरून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला राज्य सरकारला नोटीस पाठवावी लागली. वावर-वांगणीला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. १९९२ मध्ये जन्मलेली आणि वाचलेली मुलगी २०१६ मध्ये आई झाली असणार.

मग आम्ही म्हणतो, ते लांब आहेत. आफ्रिका लांब आहे, मोखाडाही तसा आडबाजूलाच. या 'लांब' शब्दाचा मी बराच विचार केला, आणि मला त्यात खोट दिसू लागली.

आपल्या नळाला येणारे पाणी कुठून येते? सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून, डोंगरातल्या लोकांच्या अंगणातून. शेतीसाठी म्हणून बांधलेल्या त्या प्रकल्पाचे पाणी शहरांकडे आणि कारखान्यांकडे वळले, याबद्दल तिथले लोक कित्येक वर्षे बोलत आहेत. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आपल्या इमारतींची वीट कुणी भाजली? दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर येतात, वसईला, भिवंडीला, वाड्याला, आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात त्यांच्या मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीत असते आणि मूल भट्टीवर असते. सकाळी बोईसरच्या नाक्यावर कामासाठी उभ्या असलेल्या बाया कुठून आल्या आहेत? आपण त्यांच्याशी रोजाचा भाव ठरवतो, दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करतो, तेव्हा त्या लांबच्या नसतात. त्यांचे मूल आजारी पडले की त्या लांबच्या होतात.

आफ्रिकेचेही असेच आहे. आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये टँटलम नावाचा धातू असतो. त्याच्या खनिजाचा मोठा पुरवठा काँगोच्या पूर्व भागातून होतो, आणि तिथे तीस वर्षे रक्त सांडते आहे. शीतपेयांत आणि औषधांच्या गोळ्यांत जो बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक वापरतात, त्यातला बराचसा सुदानचा. म्हणजे डिंक इथवर पोहोचतो, धातू पोहोचतो, पाणी पोहोचते, मजूर पोहोचतो. हाक तेवढी वाटेत अडते. मग अंतर मोजायचे कसे?

याला एक जुने आणि वजनदार उत्तर दिले जाते. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की प्रीतीलाही क्रम असतो. आईवडील, मुले, शेजारी, देशबांधव, मग बाकीचे. हे काही खोटे नाही. स्वतःच्या पोराला उपाशी ठेवून दुसऱ्याला जेवू घालणारा बाप शहाणा नव्हे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी स्थलांतरितांना रोखण्याच्या धोरणासाठी याच शिकवणीचा आधार घेतला. ते स्वतः कॅथलिक आहेत. पोप फ्रान्सिस तेव्हा आजारीच होते. १० फेब्रुवारीला त्यांनी अमेरिकेतील बिशपांना पत्र लिहिले. प्रीतीचा खरा क्रम समजून घ्यायचा असेल तर दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर चिंतन करा, अशा आशयाचे त्यात म्हटले होते.

मला या वादात माझ्यापुरती एक गोष्ट दिसते. क्रम हा आधी कोण आणि नंतर कोण हे ठरवण्यासाठी असतो. कधीच कोण नाही, हे ठरवण्यासाठी नसतो. शिवाय 'आधी आपले' असे म्हणणाऱ्याने आपल्यांसाठी काय केले ते दाखवले पाहिजे. सुदानचे नाव निघाले की आपण म्हणतो, आपल्याकडे काय कमी दुःख आहे? मोखाड्याचे नाव निघाले की म्हणतो, सरकार काय करते? नाक्यावरच्या बाईचा विषय निघाला की म्हणतो, कुणाकुणाचे पाहायचे? अशा रीतीने ती रांग पुढे सरकतच नाही. जवळच्याच्या नावाने लांबच्याला नकार द्यायचा आणि जवळचा समोर आला की त्याला लांबचा करायचे, हे मी आयुष्यभर केले आहे. म्हणून ओळखतो.

लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस आणि लाजरस यांचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. त्या श्रीमंताने लाजरसाला मारले नाही, हाकलले नाही. कुत्रे अंगावर सोडले असेही कुठे म्हटलेले नाही. तो फक्त जेवत होता. पण पूर्वी माझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट यंदा आली. मेल्यावर यातना भोगताना तो श्रीमंत अब्राहामाकडे पाणी मागतो, तेव्हा कुणाच्या हाती पाठवायला सांगतो? लाजरसाच्या. नाव घेऊन सांगतो. म्हणजे दारात पडलेल्या त्या माणसाचे नाव त्याला जिवंतपणी ठाऊक होते! मला माहीतच नव्हते, ही सबब त्याला उरत नाही. आणि एवढे झाल्यावरही त्याच्या मनात लाजरसाचा उपयोग काय, तर पाणी आणून देणारा नोकर.

मी शटलमध्ये बातमी वाचली होती. मला माहीत होते.

कुणी म्हणेल, एवढे सगळे दुःख एका माणसाने वाहायचे म्हटले तर तो वेडा होईल. हेही खरे आहे. जनरल दालेर रवांडाहून परतल्यावर कित्येक वर्षे मनाने खचलेले होते, आत्महत्येच्या प्रयत्नापर्यंत गेले. पण त्याच शांतिसेनेत सेनेगलचा एक अधिकारी होता, कॅप्टन म्बाये दियान. त्याच्याकडे शस्त्र नव्हते. हुकूम होता तो हस्तक्षेप न करण्याचा. तो आपली गाडी घेऊन शहरभर फिरत असे. लपलेल्या माणसांना गाडीत बसवायचा आणि मारेकऱ्यांच्या नाक्यांवरून हसत-बोलत, सिगारेट देत बाहेर काढायचा. गाडीत मावतील तेवढीच माणसे एका खेपेला, तीन, चार, पाच. अशी त्याने शेकडो माणसे वाचवली असे सांगतात. ३१ मे १९९४ रोजी एका नाक्यावर तोफगोळ्याने तो मेला. तो मुसलमान होता. आठ लाखांच्या हिशेबात त्याच्या खेपा फार थोड्या भरतात. मात्र त्याच्या गाडीत बसलेल्या माणसाला तसे वाटले नसेल.

पुढच्या एका रविवारी मी मिस्सेनंतर त्या बाईंना थांबवले. वीस-बावीस वर्षे आम्ही एका चर्चमध्ये येतो, एकाच पात्रातून पवित्र भाकर घेतो, पण त्यांच्या पाड्याचे नाव मला ठाऊक नव्हते. मी विचारले. त्यांनी सांगितले. मग उभ्या उभ्या, दहा मिनिटांत, बाकीचे सांगितले. १९९२ साली त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. पहिली मुलगी होती, नऊ महिन्यांची. कागदावर गोवर लिहिले गेले. त्या पावसाळ्यात घरात नाचणीही संपली होती, दूध येत नव्हते. मुलीचे नावही त्यांनी सांगितले. ते नाव त्यांनी मला सांगितले आहे, पत्रकात छापण्यासाठी नव्हे, म्हणून इथे लिहीत नाही.

मी विचारले, "ताई, आता तिकडे काही न्यायचे असेल तर काय नेऊ? कपडे, धान्य?" जुने कपडे गोळा करण्याची मोहीम माझ्या डोक्यात तयारच होती. त्या हसल्या. म्हणाल्या, "कपडे नाताळात खूप येतात, भाऊ. फोटो काढतात आणि जातात. तुम्ही आधी या, बसा. आमची सून अंगणवाडीत मदतनीस आहे, तिच्याशी बोला. काय आणायचं ते मग बघू."

म्हणून येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही जात आहोत. पहिल्या मिस्सेनंतर लगेच निघू, रात्रीपर्यंत परत येऊ. सोबत वाटपाचे काही सामान नाही, जेवण तिथेच आहे आणि त्याचे पैसे त्या घेणार नाहीत असे आधीच बजावले आहे. बाई पुढे बसतील, वाट त्यांना माहीत आहे. गाडी सात जणांची आहे. अजून तीन जागा रिकाम्या आहेत.